आखूड शेपटीवर सही नाही

चाकणच्या पट्ट्यात उभं आयुष्य काढून मी एकही नट की बोल्ट बनवला नाही, हा सासर-माहेरच्या लोकांचा माझ्यावरचा जुना आरोप आहे. इथं कुणी गिअर कापतं, कुणी दरवाजाचा पत्रा दाबतं, कुणी सीटमध्ये फोम भरतं. लग्नाच्या पंगतीत बायका विचारायच्या, "तुमच्या कंपनीत काय बनतं हो?" मी सांगायचे, "शेपट्या." मग ताटातली जिलेबी तशीच राहायची आणि माझ्याभोवती गर्दी जमायची. कुरुळीत एका वरातीत मी शेपट्यांवर बोलायला लागले तेव्हा नवरदेवाच्या घोडीनंही मान वळवून ऐकलं, असं सांगणारे लोक अजून आहेत. त्यातली मुख्य साक्षीदार मीच.

आधी कुठं कुठं जंतू वाढवले, कुठल्या कंपनीत किती साहेब बघितले, हे सांगत बसले तर हा दिवाळी अंक पुढच्या दिवाळीला निघेल. म्हणून शेवटच्या नोकरीतली एकच लढाई सांगते. ती मी जिंकले की हरले, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. जिंकले हे मत माझं.

आमची कंपनी म्हणजे गिअरच्या आणि पत्र्याच्या कारखान्यांमध्ये अडकलेली एक बुटकी पांढरी इमारत. बाहेरून दवाखानाच वाटायची. प्रेसमध्ये बोट चेपलेला माणूस घेऊन लोक दोनदा तरी आमच्या दारात आले होते. आत आम्ही एमआरएनए बनवायचो, लशींसाठी लागतो तो. आणि त्या एमआरएनएला शेपटी असते. हसू नका. शेपटी नसेल तर लस म्हणजे नुसतं थंड पाणी.

कसं ते सांगते. पेशीत डीएनए म्हणजे तिजोरीतलं मूळ बाड. ते बाहेर काढायचं नाही, हा घराचा नियम. ज्या प्रथिनाची गरज असेल तेवढ्याच मजकुराची नक्कल काढायची आणि ती कामावर धाडायची. ही नक्कल म्हणजे एमआरएनए. मी तिला निरोप म्हणते. आता नक्कल करणारं यंत्र एकदा सुटलं की त्याला थांबायचं कळत नाही, आमच्या नणंदेसारखं. म्हणून मजकुराच्या शेवटाजवळ सहा अक्षरांची एक खूण असते. ती दिसली की प्रथिनांची एक टोळी येते, खुणेच्या जरा पुढं कचकन कापते, आणि त्या कापलेल्या टोकाला दुसरं एक एंझाइम ‘ए’ हे एकच अक्षर जोडत बसतं. ए ए ए ए ए ए. शंभर, दोनशे, कधी त्याहून जास्त. मूळ बाडात ही शेपटी लिहिलेली नसते, तिला अर्थही नसतो. वर्गात हे शिकताना मला वाटलं होतं, गवई मैफल संपली तरी उठेना, तसलं काहीतरी असावं.

पण त्या निरर्थक शेपटीवर निरोपाचं आयुष्य टांगलेलं असतं. काही प्रथिनं शेपटीला बिलगून बसतात आणि निरोपाच्या डोक्याला हात घालून त्याचं कडं करतात. मग प्रथिन बनवणारी यंत्रं त्या कड्यावर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतात. त्याच वेळी शेपटीच्या टोकाला कुरतडणारी मंडळी लागलेली असतात. रोज थोडी, रोज थोडी. शेपटी फार आखूड झाली की बिलगलेली प्रथिनं सुटतात, डोक्याची राखण करणारी टोपी उडते आणि निरोपाचा फडशा पडतो. पेशी यातही डोकं चालवते. ताप आणणारे, सूज आणणारे निरोप असतात ना, त्यांच्या अंगावरच ‘मला लवकर खा’ असं लिहिलेलं असतं. त्यांच्या शेपट्या भराभर कुरतडल्या जातात. नाहीतर एकदा चढलेला ताप उतरलाच नसता.

हे सगळं मी एकदा आमच्या ह्यांना समजावलं. दत्तात्रय आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात टर्नर होते. आता कुरुळीच्या घरामागं दोन गाई सांभाळतात. गोठ्यात शेण ओढता ओढता त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येवढं काय त्यात? गाईला शेपूट न्हाई तर ती माशा कशानं हाकलंल?" त्यानंतर मी नवीन लोकांना शिकवताना हेच वाक्य वापरलं आणि माझंच म्हणून खपवलं.

आम्ही जो निरोप बनवायचो तो पेशीबाहेर, स्टीलच्या भांड्यात. तिथं खूण ओळखणारी टोळी कुठून आणणार? म्हणून आम्ही शेपटी आधीच साच्यात लिहून ठेवायचो. साचा म्हणजे डीएनएचं एक छोटं गोल कडं. त्या कड्याच्या ढीगभर प्रती काढायच्या तर ते जंतूंच्या पोटात घालायचं आणि जंतू टाकीत वाढवायचे. जंतू दुप्पट होतात, कडी दुप्पट होतात, फुकटचे छापखाने. आमच्या टाकीतले जंतू तर माझा आवाज ओळखायचे. मी रजेवर गेले की मुद्दाम फेस जास्त करायचे.

पण एक खोड. एकाच अक्षराची लांबच लांब ओळ जंतूला आवडत नाही. नक्कल करताना त्याचा पाय घसरतो आणि चार-दहा अक्षरं गळतात. ज्याच्या कड्याची शेपटी गळली त्याचं ओझं हलकं, तो जोरात वाढतो. बघता बघता टाकीभर त्याचीच पोरंबाळं. आणि गळलेली शेपटी परत उगवत नाही, पाल बरी. यावर उपाय जुना आहे: टाकी सदतीस डिग्रीला ठेवायची नाही, तीसला ठेवायची. जंतू सावकाश वाढतात, पाय कमी घसरतो. वेळ मात्र जातो. टाकीसमोर बसून वाट बघणं हे माझ्या नोकरीतलं निम्मं कौशल्य होतं. उरलेलं निम्मं म्हणजे वाट बघताना कामात असल्यासारखं दिसणं.

आमची गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका परगावच्या कंपनीचा माणूस मीटिंगमध्ये म्हणाला, "मॅडम, ते शेवटचे ए ए ए काही सांगत नाहीत, तर काढून टाकू या का? निरोप सुटसुटीत होईल." मी म्हटलं, "काढू की. तुमच्या शर्टाची बाहीही काही सांगत नाही." तो गेला तो पुन्हा आला नाही. कंपनीनं त्याचा ठपका माझ्यावर ठेवला. मी तो आनंदानं घेतला.

मग आले बेंद्रे साहेब, प्लांट हेड म्हणून. आधी गिअर बनवणाऱ्या कारखान्यात होते. माणूस तडफदार, हुशार, कपाळावर कायम एक आठी आणि खिशात स्टॉपवॉच. खरं सांगायचं तर त्यांनी येऊन कॉम्प्रेसर सुधारला, कँटीनची आमटी सुधारली, आणि वर्षानुवर्षं कुरकुरणारं गोडाऊनचं दार एका दुपारी गप्प केलं. पण ते आले दसऱ्याच्या तोंडावर. चाकणमध्ये खंडेनवमीला प्रत्येक मशीनची पूजा होते. हार, हळदकुंकू, नारळ. साहेबांनी जुन्या सवयीनं झेंडूची माळ आणि नारळ घेतला आणि थेट क्लीनरूमच्या दाराशी आले.

"ताई, उघडा. टाकीची पूजा करू."

मी काचेआडून म्हटलं, "साहेब, माणसाच्या नुसत्या बोटावर जे एंझाइम असतं ते आरएनए दिसला की गिळून टाकतं. तुम्ही हार, कुंकू, नारळाचं पाणी, सगळी वरात घेऊन आलाय."

"अहो, श्रद्धेचा प्रश्न आहे."

"म्हणून तर म्हणते. आमच्या देवाला सोवळं लागतं."

शेवटी नारळ बाहेर जनरेटरपुढं फुटला. जनरेटर त्या वर्षी एकदाही बंद पडला नाही, हे साहेब मला पुढं कायम ऐकवायचे.

निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. त्यानंतर दोन वर्षं मी सल्लागार म्हणून थांबायचं, असं ठरलं होतं. मला ते हवं होतं. घरी बसून मी काय करणार, गाईंना जीवशास्त्र शिकवणार? नवीन साचे येणार होते, मूळ जंतूंचा साठा नीट लावायचा होता, माझ्या हाताखालची मुलं तयार करायची होती. आणि त्याच दिवसांत आमच्याकडं इनामदार डॉक्टरांचं काम आलं.

इनामदार डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर, तापट, आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी कान दुखायचा. वासरांच्या एका आजारावर त्यांची लस होती आणि तिचा निरोप आम्ही बनवत होतो. जुन्नर-खेडच्या गोठ्यांत फिरून, शेतकऱ्यांच्या हातापाया पडून त्यांनी चाचणीसाठी वासरं मिळवली होती. वयही नेमकं हवं. आईच्या चिकातून मिळालेली ताकद उतरलेली, पण आजार अजून गाठलेला नाही, असे मोजके आठवडे. त्यात लस पोचली तर पोचली.

नेमकं तेव्हाच ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि मी रजा घेतली. परत आले तर लॉट तयार! जंतू वाढवून झालेले, साचा काढून झालेला, निरोप बनून, स्वच्छ होऊन फ्रीजरमध्ये पडलेला. इतक्या लवकर? आमची टाकी तर बैलगाडी. मी पॅनेलपाशी गेले. सदतीस.

बेंद्रे साहेब हसत आले. "काय ताई, सायकल टाइम बघितला? किती कमी वेळात उरकलं!"

"टाकी सदतीसला कुणी नेली?"

"मी. अहो, हे जंतू मूळचे माणसाच्या पोटातले ना? पोटात किती तापमान असतं? सदतीस. त्यांच्या घरचं हवामान. तुम्ही बिचाऱ्यांना इतकी वर्षं थंडीत कुडकुडवलंत."

आता खरं सांगा, हे चुकीचं वाटतं का? मलाही क्षणभर वाटलं नाही. गिअरच्या कारखान्यात साहेब याच तऱ्हेनं विचार करून मोठे झाले होते: यंत्र कुठं उगाच थांबतंय ते शोधायचं आणि तो थांबा काढून टाकायचा. पण आमच्याकडचा तो थांबा उगाच नव्हता. त्या थांब्यातच शेपटी सांभाळली जात होती.

"साहेब, घरच्या हवामानात घरचं काम जोरात होतं. आपण त्यांना पाहुण्याचं काम दिलंय."

"लॉट पास आहे ताई. सगळ्या टेस्ट. शेपटीची सुद्धा."

शेपटीची टेस्ट म्हणजे काय, तेही ऐका. एका नळीत बारीक मणी असतात, त्यांच्यावर ‘टी’ अक्षरं चिकटवलेली. टी आणि ए एकमेकांना धरतात. शेपटीवाला निरोप मण्यांना अडकतो, बिनशेपटीचा वाहून जातो. मोठी सुंदर युक्ती, पण तीस-चाळीस अक्षरांची थोटकी शेपटी असली तरी मणी पकडतात. म्हणजे लंगोटी नेसलेल्यालाही ‘कपडे आहेत’ म्हणून लग्नमंडपात सोडणारा वॉचमन. आणि इनामदारांच्या करारात लिहिलं होतं एवढंच: शेपटी असावी. किती लांब, ते नाही. आजवर मी टाकी तीसच्या वर जाऊ दिली नव्हती, म्हणून कुणाला तो प्रश्नच पडला नव्हता.

लॉट सोडायचा तर उत्पादन विभागाची सही लागते. ती माझी. मी वैशालीकडं गेले. वैशाली क्यूसीत, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात, लातूरकडची, माझ्याच हाताखाली तयार झालेली, हातात जादू आणि जिभेवर भीती.

"वैशाली, शेपटी कापून वेगळी कर आणि पळवून बघ."

"ताई, ती टेस्ट यादीत नाही ओ. साहेब काय म्हणतील?"

"साहेबांना सांग, ताईंनी डोकं खाल्लं."

"ते तर ते तसंबी म्हणायलेत."

तिनं केलं. यंत्रातून पळवल्या की शेपट्या लांबीप्रमाणं वेगळ्या होतात. तीसला वाढवलेल्या मालाची शेपटी पडद्यावर अशी दिसते: एकच उंच उभा सुळका. या लॉटचं चित्र म्हणजे बोरघाटाचा उतार. काही शेपट्या पूर्ण, काही अर्ध्या, बहुतेक थोटक्या. वैशालीनं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच साहेबांचं नाव न घेता म्हणाली, "बाई गं."

मी सही नाकारली.

दुपारी बेंद्रे साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वैशालीही होती, पडद्याची प्रिंट हातात घट्ट धरून. साहेबांनी माझी अपेक्षा होती त्याहून जास्त तयारी केली होती. हा माणूस मूर्ख नव्हता, म्हणून तर भांडायला मजा आली.

"ताई, मी पण वाचलंय. अंड्याच्या पेशीत आखूड शेपटीचे निरोप असतात. साठवलेले. आणि ते चालतात. चालतात की नाही?"

"चालतात."

"मग?"

"साहेब, ते अंड्यात झोपवून ठेवलेले असतात. फलन झालं की त्यांची शेपटी पुन्हा वाढवणारं एंझाइम तिथं तयार बसलेलं असतं. शेपटी वाढते, निरोप उठतो, कामाला लागतो. आपण ही लस अंड्यात देणार नाही. वासराच्या मानेच्या स्नायूत देणार. तिथं हिची शेपटी वाढवायला कोण बसलंय? तुम्ही बसणार?"

वैशालीला ठसका लागला. साहेबांनी तिला पाणी दिलं आणि माझ्याकडं वळले. आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की जपायचं असतं.

"करारात आहे ते सगळं आपण देतोय. लबाडी नाही. पुन्हा करायचं म्हटलं तर वासरांचा वेळ निघून जाईल. डॉक्टर ओरडतील, दुसरीकडं जातील. आणि तुमचं पुढच्या दोन वर्षांचं प्रकरण वरच्या ऑफिसात आहे. मी शिफारस केलीय. तुम्ही असताना मला अशी अडचण यावी?"

आता कळलं ना काय पणाला लागलं होतं? माझी दोन वर्षं. ती खुर्ची, ती टाकी, तो सकाळचा गाऊन घालताना येणारा कडक इस्त्रीचा वास. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते: बंड करताना आधी पगाराचा हिशेब सुचतो, शौर्य मागून येतं, तेही आलं तर.

"साहेब," मी म्हटलं, "करारात शेपटी असावी असं आहे. ती कशासाठी असावी, ते डॉक्टरांना कळतं. त्यांना विचारू. त्यांनी चालेल म्हटलं तर मी सही करते, पेनही तुमचं वापरते."

"गिऱ्हाइकाला आपण आपल्या भानगडी सांगत नाही."

"मग मी सांगते." आणि मी तिथंच, टेबलावर, साहेबांच्या समोर फोन ठेवला, स्पीकर चालू केला आणि नंबर लावला. साहेबांचा हात पुढं आला आणि अर्ध्यावर थांबला. तो का थांबला, हे मला आजही कळलेलं नाही. मी त्याबद्दल त्यांची ऋणी आहे, पण हे त्यांना सांगू नका.

"कोण?" पलीकडून तोफ उडाली. मागं गाय हंबरत होती. माणूस गोठ्यातच होता.

मी सगळं सांगितलं. टाकी, तापमान, उतार, थोटक्या शेपट्या. मग डॉक्टर सुरू झाले. "बाई, मला अक्कल शिकवू नका, एकच सांगा. वासरू पोटचं पोर आहे असं समजून सांगा. स्नायूत गेल्यावर तुमचा निरोप किती टिकेल?"

"डॉक्टर, दुपारच्या जेवणाला येईल. रात्री मुक्कामाला थांबणार नाही."

"आणि चांगला असता तर?"

"चार दिवस पाहुणचार घेऊन, घरच्यांना कंटाळा आणून गेला असता."

गाय पुन्हा हंबरली. मग डॉक्टर बोलले, आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "म्हणजे हे टोचलं असतं तर वासरांच्या अंगात काही उमटलं नसतं. आणि मी म्हणालो असतो, लसच खोटी. माझी सगळी वर्षं खोटी."

"हो."

"नको मला हा लॉट. पण ऐका. ही वासरं माझ्या हातची गेली. दुसरी शोधायला मला पुन्हा तेच उंबरे झिजवायचे. ते लोक मला दारात उभं करतील की नाही ठाऊक नाही. खरं बोललात म्हणून हार घालीन असं समजू नका. तुमच्या कंपनीला मी माफ केलेलं नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्ही रजेवर गेलातच का?"

"नवऱ्याचा डोळा होता, डॉक्टर."

"मग दुसरा डोळा कंपनीत ठेवायचा होता!" फोन बंद.

त्या वाक्याचा राग मला पुष्कळ दिवस आला. मग येईनासा झाला. माणसाची वासरं गेली होती.

लॉट फेकला गेला. नवीन करायचा ठरला, कारण इनामदारांनी काम काढून घेतलं नाही. शिव्या देणारी माणसं सहसा सोडून जात नाहीत, असा माझा अनुभव आहे. मूळ साठ्यातली कुपी मी उणे ऐंशीच्या फ्रीजरमधून स्वतः काढली. त्या टाकीत पुन्हा तीस डिग्री लावली आणि पॅनेलसमोर स्टूल टाकून बसले. बेंद्रे साहेब दर थोड्या वेळानं काचेपाशी यायचे.

"हलतंय का काही?"

"वाढतायत."

"मला दिसत नाही."

"साहेब, मुलं वाढताना तरी कुठं दिसतात?"

एकदा त्यांनीही गाऊन चढवला, टोपी घातली, आत आले आणि दुसरं स्टूल ओढून शेजारी बसले. बराच वेळ बसले. खिशातलं स्टॉपवॉच बाहेरच्या लॉकरमध्ये राहिलं होतं, म्हणून हात सारखा रिकाम्या खिशाकडं जात होता. "इतकं सावकाश," ते म्हणाले, "माझ्या लाइनवर असतं तर मी वेडा झालो असतो." मी म्हटलं, "तुम्ही आत्ताही फार शहाणे दिसत नाही." दोघंही हसलो. मला वाटलं, मिटलं.

वैशालीनं शेपटी पळवली. पडद्यावर एकच सुळका, कातळासारखा उभा. या वेळी तिला सांगावं लागलं नाही, तिनं ती टेस्ट यादीत स्वतः घालून घेतली होती. मी सही केली. कोरड्या बर्फाची पेटी धूर सोडत गाडीत चढली, तेव्हा मी फाटकापर्यंत मागं गेले. लेकीची पाठवणी करतात तशी नाही. लेकीच्या सासरच्यांना दम भरायला जातात तशी.

आणि माझी दोन वर्षं? नाही मिळाली. एचआरनं सांगितलं, निवृत्तीनंतर कुणालाही ठेवायचं नाही असं धोरण आलंय. मी बेंद्रे साहेबांना जिन्यात गाठलं.

"धोरण कधी आलं, साहेब?"

ते भिंतीकडं बघत म्हणाले, "ताई, तुम्ही माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावलात."

"मागून लावला असता तर चाललं असतं?"

चाललं असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मागून केलं असतं तर त्यांना राग आला असता आणि विसरूनही गेले असते. समोर केलेलं माणसाला विसरता येत नाही. तरीही पुन्हा वेळ आली तर मी तसंच करीन, आणि आवाज वाढवून करीन. दत्तात्रय म्हणतात, "तुला गप बसाय येत न्हाई, तेवढंच खरं." व्हय, येत नाही. शिकायचीही इच्छा नाही.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि साहेबांचं भाषण. "ताईंनी आम्हाला संयम शिकवला," असं म्हणाले. मी माइकवर म्हटलं, "शिकवला, पण परीक्षा अजून घेतलेली नाही." टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या, जरा उशिरानं.

एक गोष्ट मात्र लागून राहिली आहे. दुसऱ्या खेपेची वासरं मिळाली, त्यांना लस टोचली गेली, एवढं माझ्या कानावर आलं. पुढं काय झालं, ते नाही. चाचणी गुप्त असते आणि फाटकाबाहेरच्या माणसाला कुणी काही सांगत नाही. सांगूही नये, नियम मीच शिकवलाय. इनामदारांना फोन करावा असं कैकदा मनात येतं. पण त्यांनी माफ केलेलं नाही म्हटलं होतं, आणि मला ते पुन्हा ऐकायचं नाही. मी पाठवलेली शेपटी पूर्ण होती. त्यापुढचं वासरांच्या अंगातलं, तिथं माझी सही चालत नाही.

मध्यंतरी आकुर्डीच्या भाजी मंडईत वैशाली भेटली. लांबूनच, "ताईऽ," म्हणून धावत आली, पिशवीतून कोथिंबीर बाहेर डोकावत.

"वासरांचं विचारू नका ओ ताई, सांगता येत नाही," ती आधीच म्हणाली.

"नाही विचारत. तू कशी आहेस?"

"तुमच्या जागी आता माझी सही असते."

"आणि?"

तिनं इकडं तिकडं बघितलं. मंडईत आम्हाला ऐकणारं कुणी नव्हतं, फक्त वांगी होती. "परवा एक लॉट अडवला मी. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा. पडद्यावर उतार दिसायला लागला होता. साहेब लई ओरडले."

"मग?"

"ओरडू द्या की," ती म्हणाली आणि कोथिंबीर पिशवीत खाली दाबली. "मी तिथंच उभी राहिले. ओरडून झालं त्यांचं."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये जागा होती. मी कुरुळीपर्यंत उभीच आले.